वस्तू, गाव आणि दाखला

जगातील मोठ्या शहरांच्या संग्रहालयांतून आणि धनिकांच्या दिवाणखान्यांतून ज्या जिनसांना आज लोककलेचे प्राचीन नमुने म्हणून मानाची जागा मिळाली आहे, त्यांपैकी बहुतेक जिन्नस कोणाच्या तरी नित्याच्या गरजेसाठी, नवसासाठी, लेकीच्या पाठवणीसाठी किंवा पोराच्या हट्टासाठी घडविले गेले होते. ते शे-दोनशे वर्षांनी काचेच्या कपाटात उभे राहतील आणि परक्या मुलखात त्यांची मोजदाद होईल, ही कल्पना त्यांच्या कर्त्याला शिवलीही नसेल. म्हणूनच अशा वस्तूंच्या संग्रहाचा प्रश्न राजदरबारच्या अलंकारांच्या किंवा नामांकित चित्रकारांच्या चित्रांच्या संग्रहाहून वेगळा आहे. दरबारी वस्तूच्या मागे दरबाराचे दप्तर असते, चित्राखाली सही असते. लोककलेच्या वस्तूमागे तिचे गाव, तिचे घर आणि तिचा वापर एवढाच काय तो दाखला असतो, आणि तो सर्वस्वी तोंडी असल्यामुळे वस्तू शिवेबाहेर पडली, की त्याच दिवशी तो नाहीसा होतो. हा दाखला कोणी राखावा, कसा राखावा, आणि राखता येत नसेल तर वस्तूला हात लावावा की नाही, याचा विचार गेली दीडशे वर्षे जगात चालू आहे. तो विचार पुण्या-मुंबईत बसून करण्याऐवजी धाराशिव जिल्ह्यात उभे राहून करावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी घडविलेल्या वस्तूंचा, त्याच गावच्या माणसाने जमविलेला आणि त्याच गावात राहिलेला संग्रह येथे तेर गावी आहे, आणि ज्या वस्तू मुळी जपून ठेवायच्याच नसतात अशांची चालती परंपरा तेथून फार लांब नसलेल्या तुळजापुरात आहे.

तेरणेच्या काठी वसलेले तेर आज संत गोरोबा काकांच्या समाधीमुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु त्याच्याही हजार-बाराशे वर्षे आधी ते तगर या नावाने समुद्रापारच्या व्यापाऱ्यांना परिचित होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे नमूद आहे, आणि तगराहून साधे कापड, तलम मलमल व इतर माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, असाही तपशील दिलेला आहे. पुढे शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत असतानाही ‘तगरपुरवराधीश्वर’ ही पदवी मोठ्या अभिमानाने मिरवीत. तरीसुद्धा हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे बरेच वाद झाले आणि अखेर १९०१ साली फ्लीट याने तेर हेच तगर, असा निर्वाळा दिला. त्यानंतर लवकरच हेन्री कझिन्स याने येथील त्रिविक्रमाच्या विटांच्या मंदिराची पाहणी केली आणि त्याची पाठीमागे गोलाई घेतलेली बांधणी मुळात बौद्ध चैत्यगृहाची असावी, असे मत दिले. निजामी अमदानीतील उस्मानाबाद जिल्ह्याचे हे एक लहानसे गाव अशा रीतीने विद्वानांच्या नकाशावर आले. पण विद्वान येऊन गेले म्हणून गावची माती जागच्या जागी राहते, असे नाही.

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. शतकानुशतकांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि खापरे यांनी ही जमीन भुसभुशीत व खताळ झालेली असते. माळवद शाकारायला आणि शेतात टाकायला ती उत्तम म्हणून खेड्यापाड्यांतील लोक पिढ्यान्‌पिढ्या ती गाडीने भरून नेत आले आहेत. दख्खनमधील कितीतरी प्राचीन वसाहती अशा रीतीने, कोणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, शेतात पसरल्या गेल्या. तेरची टेकाडेही या वहिवाटीला अपवाद नव्हती. दर पावसाळ्यात उतारावरून पाणी ओघळले, की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी आणि मातीच्या मूर्तींची मुंडकी उघडी पडत, पोरे ती खेळायला नेत, आणि खेळून झाले की टाकून देत. याच गावचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी या टाकल्या जाणाऱ्या वस्तू गोळा करण्यास प्रारंभ केला. पुरातत्त्वाचे पद्धतशीर शिक्षण त्यांना नव्हते, आश्रयदाता संस्थानिकही नव्हता. होती ती रोजची नजर आणि गावकऱ्यांचा विश्वास. हजारो वस्तूंचा तो संग्रह पुढे राज्य शासनाच्या हवाली झाला आणि लामतुरे यांच्याच नावाने तेर येथेच त्याचे शासकीय वस्तुसंग्रहालय झाले. तो मुंबईला हलविला गेला नाही, ही गोष्ट मला संग्रहातील कोणत्याही एका मूर्तीपेक्षा महत्त्वाची वाटते.

या संग्रहात काय आहे, ते जरा सावकाशपणे पाहण्याजोगे आहे. सातवाहन काळातील तेरच्या मूर्तिकारांनी पांढऱ्या केओलिन मातीचा मोठ्या कौशल्याने उपयोग केला. मूर्तीची पुढली बाजू एका साच्यात, मागली दुसऱ्या साच्यात दाबून घ्यावयाची, दोन्ही अर्धुके ओली असतानाच सांधावयाची आणि आत पोकळी ठेवून भाजावयाची, ही त्यांची रीत होती. त्यामुळे मूर्ती वजनाला हलकी होई, भाजताना तडकत नसे आणि चोहोबाजूंनी पाहण्यासारखी असे. केशरचनेतील फुलांच्या माळा, कानांतील जड कुंडले, गालांची गोलाई आणि ओठांच्या कडेचे मंद स्मित इतक्या सफाईने उठविलेले आहे, की बोटभर उंचीच्या मुखवट्यातूनही त्या काळच्या श्रीमंत नागरिणीचा थाट कळावा. यांना लोककला म्हणावे काय, असा आक्षेप येऊ शकतो, कारण साचा शहरी आहे आणि रुची व्यापारी पेठेची आहे. माझे मत असे, की वस्तू कोणाच्या हातात गेली यावरून ती लोकांची की दरबारची हे ठरवावे. ज्या मातीच्या हत्तीवर घरातले मूल बसून खेळल्याचा भास करीत असेल आणि जी मृण्मय देवता घराच्या कोनाड्यात हळद-कुंकवाची धनी होत असेल, ती लोकांचीच होय.

मृण्मूर्तींच्या बरोबरीने येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि तिची कीर्ती मात्र दूरवर पसरली आहे. १९३८ साली इटलीतील पाँपेई या नगराच्या उत्खननात एका घरात सुमारे पाव मीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली ते घर गाडले गेले, त्याअर्थी मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. आरंभी तिला लक्ष्मी म्हटले गेले, पुढे ती यक्षी असावी असे ठरले. ती एखाद्या आरशाची मूठ होती की आसनाचा पाया, याविषयीही मतभेद झाले. परंतु तेरची मूर्ती आणि भोकरदनच्या उत्खननात सापडलेला हस्तिदंती नमुना तिच्याशेजारी ठेवून पाहिल्यावर तिचे माहेर दख्खनमध्ये असावे, असे मानण्याकडे अनेक अभ्यासकांचा कल झाला. नेपल्सच्या संग्रहालयातील ती मूर्ती कितीही देखणी असली, तरी तिचे गाव सांगण्याचे सामर्थ्य तिच्यात नव्हते. ते सामर्थ्य तेरच्या तुटक्या मूर्तीत होते, कारण ही मूर्ती कोठे मिळाली हे ठाऊक होते. संग्रहाच्या प्रश्नाचे सारे मर्म या एका उदाहरणात आहे.

शिवाय देशोदेशींच्या वस्तू हौसेने जवळ बाळगण्याची प्रवृत्ती युरोपीय प्रबोधनाने जन्माला घातली, हा समजही तेरची माती पाहिल्यावर टिकत नाही. पाँपेईच्या त्या गृहस्थाने भारतातील मूर्ती घरात ठेवली, त्याच सुमारास तेरच्या लोकांना रोमच्या नाण्यांचे इतके अप्रूप होते, की त्या नाण्यांच्या धर्तीवर मातीची पदके करून ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालीत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती अशाच कोणा हौशी घरमालकाची असावी. दूरच्या मुलखातील कारागिरीविषयी कौतुक वाटणे हा मनुष्याचा निर्मळ स्वभाव आहे, आणि त्या कौतुकाला कोणी दोष देत नाही. दोष उत्पन्न होतो तो कौतुकाच्या भरात वस्तूचा ठावठिकाणा पुसून टाकला जातो तेव्हा.

तेरवर पुढे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली पुस्तक लिहिले. शास्त्रीय उत्खननेही झाली, आणि चापेकरांनी उत्खननाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या उत्खननांमुळे मृण्मूर्तींना थरांचा आधार मिळाला. पावसाने उघडी पडलेली वस्तू कितीही काळजीने उचलली, तरी ती कोणत्या थरातील, तिच्या शेजारी कोणते खापर होते, हे सांगता येत नाही, आणि या बाबतीत हौशी संग्राहकाचा संग्रह उत्खननाच्या संग्रहापुढे उणाच राहणार. परंतु ज्यांनी उचलली नसती तर वस्तूच राहिली नसती, त्यांच्याकडे थराचा हिशेब मागणे न्यायाचे नाही. पैठणला बाळासाहेब पाटील यांनी असेच आयुष्य घालविले आणि त्यांच्याही संग्रहाचे शासकीय संग्रहालय झाले. मराठवाड्यात प्राचीन वस्तूंची जी काही जपणूक झाली, तिच्यात सरकारी खात्याइतकाच अशा गावकऱ्यांचा वाटा आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

आता थोडे बाहेर पाहू. लोकांच्या नित्य वापरातील वस्तूंना संग्रहालयाचा दर्जा देण्याची कल्पना पद्धतशीरपणे प्रथम रुजविली ती स्वीडनमधील आर्तुर हाझेलियस याने. रेल्वे आणि कारखाने यांच्या लोंढ्यात खेड्यांतील पोशाख आणि अवजारे नाहीशी होत आहेत, हे पाहून त्याने १८७३ साली स्टॉकहोम येथे संग्रह उघडला, आणि १८९१ साली स्कान्सेन येथे शेतकऱ्यांची घरेच्या घरे उचलून आणून, चूल, पाळणा व गोठा यांसह पुन्हा उभी केली. जपानात यानागी सोएत्सु यांनी १९३६ साली तोकियो येथे लोककारागिरीचे संग्रहालय स्थापिले. ज्या कारागिराने आपले नाव वस्तूवर घातले नाही आणि जी वस्तू रोज हाताळली जाते, तिच्यातच सौंदर्याचा उत्तम आविष्कार होतो, अशी त्यांची श्रद्धा होती. याच्या उलट टोकाला अमेरिकेतील अलेक्झांडर जिरार्ड उभे आहेत. शंभराहून अधिक देशांतील लाखावर खेळणी, बाहुल्या आणि देवादिकांच्या प्रतिमा त्यांनी सपत्नीक जमविल्या, १९७८ साली त्या सांता फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाला देऊन टाकल्या, आणि मांडणी करताना मेक्सिकोची बाहुली व भारताचा घोडा एकाच देखाव्यात, शेजारी कोणतीही पट्टी न लावता उभे केले. पाहणाऱ्याने वाचण्याऐवजी पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. या मांडणीत उदारता आहे. सर्व मानवजात एकाच आनंदाने माती मळते, हे तीत डोळ्यांना दिसते. तरीही मी हाझेलियसच्या बाजूचा आहे. चुलीशिवाय तवा आणि देवघराशिवाय देव पाहणारा मनुष्य आकार पाहतो, वस्तू पाहत नाही.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील अग्रपूजेचा मान निःसंशय दिनकर केळकर यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थाने आपल्या अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मृतीस अर्पण केलेला संग्रह दिवे, अडकित्ते, फण्या, वाद्ये, कोरीव दारे, गंजिफा, चित्रकथींची चित्रे आणि चामड्याच्या बाहुल्या अशा सुमारे वीस हजार जिनसांपर्यंत वाढविला आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. इतिहासाचार्यांच्या परंपरेत वाढलेले पुणे तोपर्यंत मोडी रुमाल आणि तलवारी यांनाच इतिहासाची साधने मानीत होते. बायकांच्या हातचा अडकित्ता आणि समई यांतही कुळाचा व मुलखाचा इतिहास असतो, हे केळकरांनी पुणेकरांना दाखविले. त्यांच्या पिढीला एक अनुकूलता होती: घरोघरी जुनी वस्तू होती, तिचा मालक तिची कथा सांगायला जिवंत होता, आणि बाजार अजून जागा झालेला नव्हता. आजच्या संग्राहकाला या तिन्हींपैकी एकही गोष्ट सुलभ नाही.

येथे तुळजापूरकडे वळले पाहिजे, कारण तेरच्या उदाहरणाने जो सिद्धान्त सोपा वाटतो, तो तुळजापुरात कठीण होतो. नवरात्रानंतर सीमोल्लंघनाच्या वेळी आई तुळजाभवानीची मूर्ती ज्या पालखीत बसते, ती दरवर्षी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते आणि तिचा निद्रेचा पलंग घोडेगावहून येतो. ही दोन्ही घडविण्याचा, वाहण्याचा आणि पोहोचविण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे आणि गावांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ती दरवर्षी नवीच असावी लागतात, आणि सेवा संपली की जुनी अग्नीच्या स्वाधीन होतात. म्हणजे येथे वस्तूचे आयुष्य ठरलेले आहे, तिचा अंतही विधीचा भाग आहे, आणि टिकते ते वस्तूपेक्षा तिचा मान, तिची वाट आणि ती घडविणाऱ्याचे कसब. असा पलंग कोणी परदेशी संग्राहकाने सोन्याच्या मोलाने मागितला, तरी तो देणे म्हणजे वस्तू वाचविणे नव्हे, विधी मोडणे होय. अणदूरच्या खंडोबाचेही असेच. वर्षाचा बहुतेक काळ अणदूरला आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गाच्या मैलारपुरात, असा देवाच्या मूर्तीचा मुक्काम वाटलेला असून, मूर्ती हलविताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. जी मूर्ती चालते, जिच्यासाठी दोन गावे दरवर्षी एकमेकांना शब्द देतात, तिला एका जागी बंदिस्त करून तिच्या धातूचे पृथक्करण करणारा शास्त्रज्ञ तिच्याविषयी फारच थोडे जाणील.

देवघरातील टाकांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. चांदीचा पातळ पत्रा कोरीव ठशावर ठेवून, ठोकून उठविलेली घोड्यावरील खंडोबाची, अष्टभुजा भवानीची, म्हसोबाची किंवा घराण्यातील वीराची ही चिमुकली प्रतिमा मराठवाड्यात बहुतेक प्रत्येक जुन्या घरी असते. रोजच्या स्नानाने, पुसण्याने आणि हळदीच्या बोटाने तिचे नाक-डोळे झिजत जातात. चेहरा ओळखू येईनासा झाला, की घरातील लग्नकार्याच्या निमित्ताने ती सोनाराकडे नेऊन नवी करून घेतात, किंवा नदीत विसर्जित करतात. फिलाडेल्फिया येथे १९६८ साली स्टेला क्रॅमरिश यांनी भारतातील ग्रामीण व आदिवासी कर्मकांडाच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरविले, तेव्हापासून असे देव परदेशी बाजारात नावाजले गेले, आणि सोनाराच्या मुशीत जायचा तो टाक व्यापाऱ्याच्या पेटीत जाऊ लागला. मुशीत जाऊन वितळण्यापेक्षा कपाटात टिकलेला बरा, असे कोणी म्हणेल. मला हे अर्धेच पटते. मुशीतून निघालेल्या चांदीत पूर्वजांचा जुना देव नव्या देवात मिसळत असे आणि कुळाचा धागा तुटत नसे. पेटीत गेलेला देव कुळापासून तुटतो आणि कोणत्या कुळाचा होता हेही कोणी विचारीत नाही. घराण्याने आपखुशीने सोडलेला टाक, घराण्याचे नाव उघड न करता पण गाव, दैवत, सोनार आणि सोडण्याचे कारण लिहून ठेवून संग्रहात घेण्यास माझी हरकत नाही. यांपैकी काहीच लिहिलेले नसेल, तर तो चांदीचा तुकडा होय.

तुळजापूरच्या आराध्यांच्या गळ्यातील कवड्यांच्या माळाही संग्राहकांना भुरळ घालतात. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या या बालाघाटाच्या डोंगरात समुद्रातील कवडी देवीचे लेणे झाली, हा हिंदी महासागरातील जुन्या व्यापाराचाच एक अवशेष आहे, आणि बंजारा तांड्यांतील बायकांच्या काचळी-ओढणीवर आरशांच्या शेजारी शिवलेल्या कवड्या त्याच इतिहासाची साक्ष देतात. हे भरतकाम आज दिल्ली-गोव्याच्या दुकानांतून जुन्या बंजारा कापडाचे तुकडे म्हणून चौकटीत बसवून विकले जाते. आईने लेकीसाठी वर्षानुवर्षे टाके घालून केलेला पोशाख कापून त्याचे तुकडे करणे, यापेक्षा संग्रहाचा मोठा विपर्यास मी कल्पू शकत नाही.

या वस्तू घराबाहेर पडतात कशा? चोरीने पडतात त्या थोड्या. बहुतेक कायदेशीरपणे आणि अल्प मोबदल्यात पडतात. जुन्या लुगड्याच्या बदल्यात स्टीलचे भांडे देणारी बोहारीण, तांब्या-पितळेची मोड वजनावर घेणारा, आणि पडक्या वाड्याचे लाकूड ठोकीने उचलणारा, हे तिघे या व्यापाराचे पहिले दुवे आहेत, आणि त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही; दुष्काळी मुलखात अडीअडचणीला जुने घंगाळ किंवा समई मोडणे ही घरोघरची गरज होती. त्यात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने या प्रदेशाचे घरच मोडले. उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त झाली, लातूर व धाराशिव मिळून हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली, आणि नंतर जी गावे नव्या जागी वसली, त्यांच्या आखीव घरांत माळवद नव्हते, बळद नव्हते, देवळी नव्हती, उतरंडीला कोपरा नव्हता. त्या आपत्तीत जीव वाचविणे हेच एक कर्तव्य होते, आणि भूकंपाला टिकणारी घरे बांधली हे योग्यच झाले. परंतु कोरीव तुळई, खांब आणि दाराच्या चौकटी यांचे त्यानंतर काय झाले, याची यादी कोणी केली नाही. आता हमरस्त्यावरच्या ढाब्यांच्या अंगणात गावरान शोभेसाठी जाती आणि बैलगाडीची चाके मांडलेली पाहिली, की ती कोणाच्या ओसरीवर फिरली असतील, हा विचार मनाला सोडीत नाही.

मागणी वाढली की बनावट येते, हा सर्व बाजारांचा नियम आहे. नवी ओतीव मूर्ती आम्लाने काळवंडवून, ओल्या मातीत पुरून महिन्या-दोन महिन्यांत पुराणी करता येते. तिची परीक्षा रंगावरून होत नाही, झिजेवरून होते. दिव्याची झीज तो जेथे धरला जातो तेथे असली पाहिजे, अडकित्त्याची पात्याच्या टोकाशी व मुठीच्या आतल्या अंगाला, टाकाची उंच भागांवर. खोलगट भागात हळदीचा जुना थर राहतो आणि नाक गुळगुळीत होते. सर्वांगावर सारखीच झीज असलेली वस्तू वापरलेली नसते, घासलेली असते. ही परीक्षाही वस्तूचा वापर ठाऊक असणाऱ्यालाच करता येते.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमानुसार, जो १९७६ च्या एप्रिलपासून अंमलात आला, शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणे, चित्र किंवा कारागिरीचा जिन्नस ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षे पुरतात. ती देशाबाहेर खासगी व्यक्तीला नेता येत नाही, नेल्यास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. व्यापाराला परवाना लागतो आणि ठरावीक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती कलेक्टरांना कळविण्याचे बंधन १८७८ पासून कायद्यात आहे. जगाच्या पातळीवर १९७० च्या युनेस्को करारात भारत १९७७ साली सामील झाला. परंतु कायदा शंभर वर्षांचा हिशेब पाहतो. सत्तर वर्षांपूर्वीची काचळी, किंवा आजोबांच्या काळातला टाक त्याच्या कक्षेत येत नाही, आणि लोककलेतील बहुतांश जिन्नस याच वयाचे आहेत. त्यांचे रक्षण कायद्याने होणार नाही.

एक गोष्ट अभ्यासाच्या बाजूने सांगितली पाहिजे. तेर येथे कमळ-मुखी किंवा शिरोहीन, उत्तानपाद स्त्रीदेवतेच्या लहान प्रतिमा मिळाल्या आहेत. अशा प्रतिमा दख्खनमध्ये अन्यत्रही मिळतात, आणि संकोचामुळे किंवा गैरसमजामुळे त्यांच्याविषयी बरीच वर्षे चाचपडत लिहिले जात असे. रा. चिं. ढेरे यांनी १९७८ च्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात त्यांचा अर्थ लावला, तो केवळ प्रतिमा पाहून नव्हे. गावोगावच्या देवींची नावे, बायकांची व्रते, वारुळाची पूजा, गोंधळाची रीत आणि दक्षिणेतील कथा या साऱ्यांचा मेळ त्यांनी घातला, आणि मग त्या मूक मृण्मूर्तीमागची मातृपूजा प्रकट झाली. तेरच्या कपाटातील प्रतिमेचा अर्थ तुळजापूर-माहूरच्या वाटेवर चालणाऱ्या बाईच्या तोंडून मिळाला, असेच म्हणावे लागेल. म्हणून जी माणसे जुन्या वस्तू जमवितात आणि जी माणसे गाणी, ओव्या व रीती लिहून घेतात, त्यांनी एकमेकांपासून दूर राहणे हे दोघांचेही नुकसान आहे.

या सर्व विचाराचा धाराशिवपुरता व्यवहार पाहिला, तर निकडीचे काम मला टाकांपेक्षा ठशांचे वाटते. टाक नवा होतो; ठसा नवा होत नाही. परंडा, कळंब, उमरगा, नळदुर्ग अशा बाजारगावांतील जुन्या सोनारांकडे आजोबा-पणजोबांनी कोरलेले पोलादी व काशाचे ठसे अजून असतील, आणि एकेका ठशात एकेका भागाचा खंडोबा वेगळा असतो: कोठे घोड्याचा पाय उचललेला, कोठे म्हाळसा मागे बसलेली, कोठे कुत्रा पुढे धावणारा. यंत्रावर छापलेले तयार टाक दुकानांत आले आहेत, आणि पुढल्या पिढीला हे ठसे मोडीचे वाटतील. ते विकत घेण्याचीही गरज नाही. प्रत्येक ठशाचा मेणावर किंवा प्लास्टरवर उमटलेला छाप, सोनाराच्या संमतीने घेतलेले छायाचित्र, तो कोणत्या गावांच्या कुळांसाठी वापरला जाई याची सोनाराने सांगितलेली हकिकत, आणि ठसा कोरणाऱ्याचे घराणे ठाऊक असल्यास त्याचे गाव, एवढे एका वहीत उतरले, की ठसा सोनाराकडेच राहिला तरी दाखला राहील. तेरच्या संग्रहालयात सातवाहन काळच्या दोन साच्यांच्या मूर्ती आहेतच. त्यांच्या शेजारच्या दालनात या छापांसाठी एक कपाट निघावे, आणि ते काम कोणा बाहेरच्या संशोधकाची वाट न पाहता जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी, म्हातारे सोनार बोलू शकतात तोवर, या हिवाळ्यातच हाती घ्यावे.